रात्रीची इमर्जन्सी आणि प्राण्यांचा दवाखाना: फोनपासून बिलापर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं

कुत्रं किंवा मांजर रात्री अचानक आजारी पडलं की बहुतेक घरांत गोष्टी ठरावीक क्रमाने घडतात. आधी तासभर वाट पाहिली जाते. मग घरातलीच एखादी गोळी दिली जाते. मग इंटरनेटवर शोधाशोध होते. शेवटी घाबरून प्राण्याला गाडीत घालतात आणि निम्म्या वाटेत लक्षात येतं की नेमकं कुठे जायचं हेच ठरलेलं नाही. पैशाचा विषय तर बिल हातात आल्यावरच निघतो.

हा क्रम उलटा आहे. त्याचा फटका प्राण्याच्या तब्येतीला बसतो आणि खिशालाही. रक्त पातळ करणारं उंदराचं विष कुत्र्याने खाल्लं आणि तासाभरात नेलं, तर बहुधा उलटी करवून, औषध देऊन, पुढच्या तपासणीची तारीख देऊन घरी पाठवतात. तेच कुत्रं चार दिवसांनी, आतल्या आत रक्तस्राव सुरू झाल्यावर नेलं तर रक्त चढवावं लागतं, ऑक्सिजन लागतो, कित्येक दिवस दाखल ठेवावं लागतं. बिलातला हा सगळा फरक उशिराचा असतो.

म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच वाचा. पहिला टप्पा आजच करायचा आहे, प्राणी ठणठणीत असताना.

## टप्पा १: दिवसा, शांतपणे करायची तयारी

### रात्री खरोखर कोण उघडं असतं ते शोधा

"चोवीस तास" या शब्दांचे चार वेगवेगळे अर्थ असू शकतात:

- रात्रभर जागा डॉक्टर आणि मदतनीस असलेलं पूर्ण हॉस्पिटल.
- फक्त संध्याकाळ ते सकाळ आणि सुटीच्या दिवशी चालणारं इमर्जन्सी केंद्र. इथे प्रकृती स्थिर करून सकाळी नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवतात.
- दवाखाना बंद, पण डॉक्टर फोनवर उपलब्ध. गरज वाटली तर येऊन उघडतात.
- दाखल केलेले प्राणी रात्रभर आत असतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर नसतो.

चौथ्या प्रकाराचा अनुभव मी घेतला आहे. पाटीवर चोवीस तास लिहिलेलं होतं, रात्री एकला पोचलो, दार उघडलं ते राखणदाराने. डॉक्टर सकाळी नऊला येणार होते. त्या हेलपाट्यात गेलेला पाऊण तास माझ्या बोक्याला परवडणारा नव्हता. तेव्हापासून मी पाटीवर विश्वास ठेवत नाही, फोन करून विचारतो.

घरापासून पोचता येतील असे निदान दोन पर्याय निवडा आणि दिवसा फोन करून हे विचारा:

1. रात्री डॉक्टर इमारतीतच असतात की बोलवावे लागतात? बोलवायचे तर किती वेळ लागतो?
2. माझ्याकडे अमुक प्राणी आहे, तो रात्री बघता का? (ससा, गिनीपिग, पक्षी, कासव असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी. बरीच इमर्जन्सी केंद्रं फक्त कुत्री-मांजरं घेतात.)
3. ऑक्सिजन, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी रात्री चालू असते का? शस्त्रक्रिया रात्री होते का?
4. रात्रीची तपासणी फी किती? दाखल करायचं झालं तर डिपॉझिट किती आणि ते कसं भरायचं?
5. तुमच्याकडे जागा नसेल किंवा ते उपचार होत नसतील तर कुठे पाठवता?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर हाच तुमचा तिसरा पर्याय. जवळपास पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल तर त्याच्या शिकवणी रुग्णालयाची वेळही विचारून ठेवा. अशा ठिकाणी तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री असते, पण रात्रीची सेवा असेलच असं नाही.

### एकाच जागी ठेवायच्या गोष्टी

प्राण्याचं ताजं वजन किलोमध्ये. बहुतेक औषधांचा डोस वजनावर ठरतो आणि फोनवर विचारला जाणारा एक पहिला प्रश्न हाच असतो. त्यासोबत लसीकरणाची नोंद, चालू औषधांची नावं आणि डोस, जुने आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी. या सगळ्याचे फोटो काढून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये ठेवा. रात्री घरी कोण असेल ते सांगता येत नाही.

मांजरासाठी पक्कं झाकणाचं कॅरियर, कुत्र्यासाठी पट्टा आणि मुसकं, एक जाड चादर, डिजिटल थर्मामीटर. कॅरियर माळ्यावर टाकू नका. ते घरात उघडं राहू द्या, मांजर त्यात झोपू दे. ऐन वेळी कॅरियर पाहून पलंगाखाली शिरलेलं मांजर काढण्यात जाणारा अर्धा तास फार महाग असतो.

### पैशाची सोय

प्राण्यांचा विमा घेतला असेल तर पॉलिसीत तीन गोष्टी आजच बघा. पहिली, प्रतीक्षा काळ. पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक दिवस आजारपणाचं संरक्षण सुरूच होत नाही. दुसरी, आधीपासूनचे आजार. ते बहुधा वगळलेले असतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: बहुतेक पॉलिसींमध्ये आधी तुम्ही पूर्ण बिल भरायचं आणि नंतर परतावा मागायचा. म्हणजे विमा असला तरी त्या रात्री पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. कार्डाची मर्यादा आणि रोजची हस्तांतर मर्यादा किती आहे तेही बघून ठेवा. खात्यात पैसे असूनही मर्यादेमुळे अडकलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत.

विमा नसेल तर दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवणं हाच मार्ग. आणि घरात एकदा बसून एक आकडा ठरवा: आपण कुठवर जाऊ शकतो. हे बोलणं जड जातं, पण पहाटे तीनला रडत रडत ठरवण्यापेक्षा आज ठरवलेलं बरं.

तपासा: दोन दवाखान्यांचे फोन नंबर सेव्ह झाले? वजन लिहिलं? डिपॉझिटचा आकडा माहीत आहे? तिन्हीचं उत्तर हो असेल तरच हा टप्पा संपला.

## टप्पा २: आत्ता निघायचं, की सकाळपर्यंत चालेल?

आधी एक मिनिट प्राण्याकडे नीट बघा.

श्वास. झोपलेल्या किंवा शांत पडलेल्या कुत्र्या-मांजराचा श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. छातीची एक वर-खाली म्हणजे एक श्वास. विश्रांतीतही ४० च्या वर जात असेल, पोट जोरात आत ओढून श्वास घेतला जात असेल, तर निघा. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर ही कुत्र्याच्या धापेसारखी साधी गोष्ट नाही, तिथे वाट बघायची नाही.

हिरड्या. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर. बोटाने दाबून सोडा. पांढरा झालेला डाग २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पांढऱ्याफटक, निळसर, राखाडी किंवा विटेसारख्या लाल हिरड्या म्हणजे इमर्जन्सी. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. आजच निरोगी असताना बघून ठेवलंत तर रात्री फरक कळेल.

शुद्ध. हाक मारल्यावर बघतो का, उभा राहतो का, चालताना कोसळतो का.

चावण्याची भीती नसेल तर गुदद्वारातून तापमान घ्या. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस हे साधारण नेहमीचं. माणसाच्या हिशेबाने हा ताप वाटतो, तसा तो नाही.

### या गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही

- बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही. इथे सगळ्यात जास्त चूक होते, कारण बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे. मूत्रमार्ग बंद झाला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय थांबू शकतं. दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लवकर नेलं तर नळी घालून मार्ग मोकळा करता येतो.
- मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उबळ येते पण बाहेर काही पडत नाही. जठर फुगून पिळलं गेलं असण्याची शक्यता. हे तासांवर चालतं आणि शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. तुमच्या यादीतल्या ज्या ठिकाणी रात्री शस्त्रक्रिया होते, तिथेच थेट जा.
- फीट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा २४ तासांत दोन किंवा अधिक फीट आल्या.
- मांजराचे मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजे थंड आहेत, वेदनेने ओरडतंय.
- गाडीची धडक, उंचावरून पडणं, न थांबणारा रक्तस्राव, साप चावल्याचा संशय. बाहेरून काही दिसत नसलं तरी.
- उष्माघात.
- विण्याच्या वेळी ३० मिनिटं जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर नाही, किंवा एकही पिल्लू येण्याआधी हिरवट स्राव.
- नसबंदी न झालेली कुत्री, माजावर येऊन काही आठवडे झालेत, खूप पाणी पितेय, मलूल आहे; पू येवो किंवा न येवो. गर्भाशयात पू झालेला असू शकतो.
- ससा किंवा गिनीपिग १२ तास खात नाही किंवा लेंड्या टाकत नाही. कुत्र्याने एक जेवण टाळणं आणि सशाने टाळणं यात फार अंतर आहे.
- डोळा खोबणीतून बाहेर आला आहे. स्वच्छ ओलं कापड हलकं धरून निघा, दाबू नका.

### विष: लक्षणं दिसायची वाट बघू नका

विषबाधेत सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "अजून तर छान खेळतोय". लिली कुळातली फुलं मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. सुरुवातीला थोडी उलटी होते, मग मांजर बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरविषाची लक्षणं साधारण ३ ते ५ दिवसांनी दिसतात. झायलिटॉल असलेल्या शुगरफ्री गोळ्यांनी मात्र कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरातही कोसळू शकते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण, आयबुप्रोफेन, गाडीतलं अँटीफ्रीझ हे सगळे याच यादीत येतात.

पोटातून विष बाहेर काढण्याची संधी साधारण पहिल्या दोन तासांपुरती असते. खाल्ल्याचा संशय आला की फोन करा. पाकीट, उरलेला तुकडा, रोपाची फांदी सोबत घ्या. उंदीरविष चार-पाच वेगवेगळ्या प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. "निळ्या गोळ्या होत्या" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

### सकाळपर्यंत थांबता येईल असं

एकदाच उलटी झाली आणि प्राणी हुशार आहे, पाणी पितोय. लंगडतोय पण पाय टेकवतोय. छोटी जखम, रक्त थांबलंय. कान खाजवणं. नख तुटून रक्त थांबलंय. यांतही पिल्लू, म्हातारा किंवा मधुमेही प्राणी असेल तर फोन करून विचारा. फोनला सहसा पैसे पडत नाहीत. रात्रीच्या तपासणीची फी मात्र साध्या कानदुखीलाही पूर्ण पडते.

## टप्पा ३: आधी फोन, मग गाडी

फोन न करता निघणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी आणि सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक. दवाखाना भरलेला असू शकतो, डॉक्टर शस्त्रक्रियेत असू शकतात, ऑक्सिजनचा पिंजरा रिकामा नसू शकतो. आधी कळवलं तर ते तयारी करून ठेवतात किंवा वेळीच दुसरीकडे पाठवतात. घरात दोघं असाल तर एकाने फोन करावा, दुसऱ्याने प्राण्याला उचलावं.

सांगायचा क्रम:

1. प्राणी, वय, वजन, नर की मादी, नसबंदी झाली आहे का.
2. मुख्य त्रास एका वाक्यात. "बोका, ५ किलो, संध्याकाळपासून लघवी होत नाही."
3. कधीपासून, आणि वाढतोय का.
4. श्वास आणि हिरड्यांचा रंग.
5. काय खाल्लं असेल, घरी कोणतं औषध दिलं.
6. आम्ही किती मिनिटांत पोचतो.

मग तुम्ही विचारा: आत्ता घेऊ शकता का, निघण्याआधी घरी काही करायचं का, तपासणी फी किती.

गोष्ट सुरुवातीपासून सांगत बसू नका. परवा काय जेवला, मागच्या वर्षी काय झालं होतं हे तिथे पोचल्यावर सांगता येतं.

इशारा: न विचारता काहीही देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉलची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मीठ भरवून उलटी करवण्याचा उपाय करू नका, त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जातं. ॲसिड, रॉकेल, पेट्रोल यांसारखं काही पोटात गेलं असेल तर उलटी करवल्याने अन्ननलिका किंवा फुप्फुसं आणखी खराब होतात. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका. आणि घरून काही दिलंच असेल तर लपवू नका. तुम्हाला रागावणं हा डॉक्टरचा हेतू नसतो. त्या औषधावर दुसरं औषध पडून नुकसान होऊ नये म्हणून ते विचारत असतात.

## टप्पा ४: उचलणं आणि नेणं

वेदनेत असलेला सगळ्यात गरीब कुत्राही चावतो. मुसकं घाला, पण उलट्या होत असतील, श्वास लागत असेल किंवा चपट्या तोंडाचा कुत्रा असेल तर घालू नका. अपघातात सापडलेल्याला चादरीवर किंवा फळीवर सरकवून घ्या, बगलेत धरून लटकवू नका. मांजर कॅरियरमध्येच न्या. मांडीवर घेतलेलं मांजर दार उघडताच पळतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

उष्माघातात क्रम बदलतो: आधी थंड करा, मग निघा. साधं थंड पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. ओलं टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर पुढे ते फार खाली जातं.

वाटेत खायला देऊ नका. कदाचित भूल द्यावी लागेल.

श्वास आणि हृदय दोन्ही थांबलं असेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबा, ३० दाबांनंतर प्राण्याचं तोंड मिटून त्याच्या नाकातून २ श्वास द्या. हे सुरू ठेवत गाडी दुसऱ्याने चालवायची.

तपासा: फोटो-फाइल असलेला फोन, चार्जर, कार्ड, विषाचं पाकीट, चालू औषधं. बोलणारा आणि पैशाचा निर्णय घेऊ शकणारा माणूस सोबत आहे, किंवा फोनवर जागा आहे?

## टप्पा ५: दवाखान्यातली पहिली दहा मिनिटं

मदतनीस प्राण्याला बघून तातडीचा क्रम ठरवतात. आधी आलेला आधी, हा नियम इथे नाही. तुमच्या नंतर आलेल्याला आधी आत घेतलं तर त्याचा प्राणी जास्त गंभीर आहे. थांबावं लागणं ही अशा वेळी त्यातल्या त्यात चांगली बातमी. मात्र थांबलेलं असताना श्वास, शुद्ध किंवा हिरड्यांचा रंग बदलला तर लगेच उठून सांगा. संकोच करू नका.

गंभीर प्राण्याला तुमच्याकडून घेऊन थेट आत नेतील आणि एक कागद पुढे करतील: प्राथमिक उपचारांची परवानगी. ऑक्सिजन, सलाइन, वेदनाशामक, काही तातडीच्या तपासण्या. सही करताना विचारा, "या पहिल्या टप्प्याचा खर्च साधारण किती?" याला अर्धं मिनिट लागतं आणि कोणाला राग येत नाही.

दाखल करताना आणखी एक प्रश्न येऊ शकतो: हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का? हा प्रश्न ऐकून माणसं हादरतात, त्यांना वाटतं डॉक्टरने आशा सोडली. तसं नसतं, बऱ्याच ठिकाणी तो सगळ्यांनाच विचारतात. हृदय थांबल्यावर प्रयत्न करूनही घरी परतणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं प्रमाण एकूण १० टक्क्यांपेक्षा कमी आहे. भूल दिलेली असताना थांबलं तर शक्यता बरीच जास्त असते. उत्तर देताना हे मनात असू द्या.

## टप्पा ६: खर्चाचं बोलणं

### बिल एवढं का होतं

रात्रभर डॉक्टर आणि मदतनीस जागे ठेवायचे, मग तीन प्राणी येवोत वा तीस. प्रयोगशाळा, भूल, ऑक्सिजन, क्ष-किरण, सगळं तयार ठेवायचं. हा खर्च आलेल्या थोड्या प्राण्यांत वाटला जातो. तपासणी फी फक्त डॉक्टरने बघण्याची असते. त्यात उपचार धरलेले नसतात. पुढे रक्ततपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफी, सलाइन आणि औषधं, मग दाखल राहण्याचा दर दिवसाचा आकार. ऑक्सिजन, रक्त चढवणं, सतत देखरेख हे त्याहून वेगळं. जठर पिळल्याच्या शस्त्रक्रियेचं बिल फुगतं ते नुसत्या ऑपरेशनने नाही: त्यानंतर एक-दोन दिवस हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून मॉनिटरवर ठेवावं लागतं.

### कधी आणि कसं बोलायचं

डॉक्टरने तपासून पहिला अंदाज सांगितला की लगेच. बिल झाल्यावर नाही. लेखी अंदाज मागा. तो खालचा आणि वरचा अशा दोन आकड्यांत असतो. ठरवताना वरचा आकडा धरा. माणसं खालच्या आकड्यावर हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी अडकतात, तेव्हा अर्धे उपचार झालेले असतात आणि पैसेही गेलेले असतात. डिपॉझिट भरलं म्हणजे बिल भरलं असंही नाही.

मर्यादा असेल तर सरळ सांगा: "माझ्याकडे एवढे पैसे आहेत. यात याच्यासाठी सगळ्यात उपयोगाचं काय करता येईल?" हे बोलायची लाज वाटते, मलाही वाटली होती. पण आकडा माहीत नसलेला डॉक्टर सर्वोत्तम योजना मांडतो. आकडा कळला की तोच डॉक्टर दुसरी आणि तिसरी योजना मांडू शकतो. मग हे विचारा:

1. यातलं आज रात्रीच करायला हवं असं काय, आणि सकाळपर्यंत थांबणारं काय?
2. या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का? नसतील तर ती आज टाळता येईल का?
3. बरं होण्याची शक्यता किती, आणि या खर्चानंतर पुन्हा असंच होण्याची शक्यता किती?
4. स्थिर करून सकाळी नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं तर धोका किती?
5. अमुक आकडा ओलांडण्याआधी मला फोन कराल का? (हे कागदावर लिहून घ्या.)

कमी खर्चाचा मार्ग म्हणजे दरवेळी जुगार नसतो. पार्व्हो (जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार) झालेल्या कुत्र्याला दाखल करून ठेवणं हा उत्तम उपचार. पण कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० कुत्र्यांपैकी निम्मी दाखल ठेवली आणि निम्म्यांना कातडीखाली सलाइन आणि इंजेक्शनं देऊन बाह्यरुग्ण पद्धतीने हाताळलं. दाखल केलेल्यांपैकी ९० टक्के जगली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. त्या दुसऱ्या गटालाही सुरुवातीला शिरेतून उपचार आणि नंतर रोज काटेकोर काळजी मिळाली होती; घरी नेऊन नुसतं पडू देणं आणि हे यांत फरक आहे. पण मधला मार्ग असू शकतो, आणि तो विचारल्याशिवाय पुढे येत नाही.

काही आजारांत मात्र मधला मार्ग नसतो. पिळलेलं जठर, औषधाने किंवा हाताने न सुटणारं अडकलेलं पिल्लू: शस्त्रक्रिया किंवा वेदनारहित मृत्यू, एवढेच दोन पर्याय. पैसे नाहीत म्हणून अशा प्राण्याला घरी नेणं हा तिसरा पर्याय नव्हे, त्यात फक्त यातना आहेत. झोपवण्याचा निर्णय घ्यावा लागला तर तो प्रेमाच्या कमतरतेमुळे घेतला असं स्वतःला सांगू नका.

पैसे कमी पडत असतील तर हप्त्यांची सोय, कर्ज देणाऱ्या संस्थेशी करार, प्राणिमित्र संस्थांची मदत यांची चौकशी काउंटरवर करा. सोय असेल तर ती त्यांनाच माहीत असते. ऑनलाइन मदतीचं आवाहन करायचं असेल तर त्यासाठी लेखी अंदाजाचा फोटो लागतो, तोही तेव्हाच घ्या.

इशारा: डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असाल तर वेदनाशामक, धोक्याची लक्षणं आणि पुन्हा कधी यायचं हे लिहून घेतल्याशिवाय दार ओलांडू नका.

## टप्पा ७: दाखल असताना आणि घरी आणताना

दिवसातून किती वेळा आणि किती वाजता माहिती मिळेल ते विचारा. त्या वेळेला एकाच माणसाने फोन करावा. दर दिवशी चालू बिलाचा आकडा मागा, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. अंदाज वाढत असेल तर नवा लेखी अंदाज घ्या.

दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं असेल तर केसपेपर, रक्ताचे निकाल आणि एक्स-रेच्या फाइल सोबत घ्या. त्या नसतील तर त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा जातात. हलवताना वाटेत ऑक्सिजन किंवा सलाइन लागणार आहे का, हे आधीच्या डॉक्टरकडून स्पष्ट करून घ्या.

दवाखान्यातून घरी सोडताना झोप नसते, डोकं चालत नसतं, त्यामुळे औषधांच्या सूचना फोनवर रेकॉर्ड करून घ्या. पहिला डोस तिथे दिला का आणि पुढचा किती वाजता, हे हमखास राहून जातं. विम्यासाठी बाबवार बिल आणि केसपेपर दोन्ही लागतात. नुसती कार्डाची पावती चालत नाही. विमा कंपनीने नेहमीच्या डॉक्टरकडच्या आधीच्या नोंदी मागवल्या तर त्याही लवकर पाठवा, परतावा बहुधा तिथेच अडकतो.

मूत्रमार्ग मोकळा केलेला बोका घरी आणला असेल तर पहिला आठवडा त्याच्या वाळूवर लक्ष ठेवा. सकाळ-संध्याकाळ लघवीचे किती गोळे झाले आणि केवढे, ते लिहा. मार्ग पुन्हा बंद होणं बऱ्याच बोक्यांत होतं, आणि झालंच तर ते बहुधा याच दिवसांत होतं. एक वेळ लघवी दिसली नाही तर टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात: आधी फोन.